नुसतं लाल

रात्री साडेदहाला आगीचा बंब गावातून उत्तरेकडे गेला
आणि अर्ध्या तासात परत आला.
"आग नाहीये," फिदेंसिओ म्हणाला, हेल्मेट काखेत धरून,
जणू त्याचीच काही चूक झाली.
"नुसतं लाल आहे."

मी गावातली फोटोवाली.
पांढरा पडदा, एक स्टूल,
हनुवटी वर, हसू नका, पापणी लववू नका.
साकातेकासच्या या कोरड्या पठारावरून जे जे गेले
ते आधी माझ्या स्टुलावर बसून गेले.
पोरींचे पंधराव्या वाढदिवसाचे फुगीर झग्यांतले फोटोही काढते,
पण पोट भरतं ते जाणाऱ्यांवर.

आईला गाडीत बसवलं, ट्रायपॉड तिच्या मांडीवर आडवा,
आणि मिठाच्या तळ्यापाशी आलो, ज्यात पाणी नसतं.
डोळ्यांना दिसलं ते एवढंच:
ओल्या फडक्यानं पाटी पुसल्यावर जे राहतं
तसं करडं काहीतरी, निवडुंगांच्या रांगेवर.
"याच्यासाठी झोप मोडलीस माझी?"

अशा वेळी लेन्स अनंतावर लावायची असते.
माझी जुनी लेन्स अनंताच्या खुणेवर धूसर होते,
तिला केसभर अलीकडे थांबवावं लागतं.
हे कोणी शिकवत नाही. बोटं शिकतात.
शटर उघडलं. वीस सेकंद.
मी ते आईच्या श्वासांवर मोजले: सहा,
सातवा अर्धा.

मग मागच्या पडद्यावर उजळलं
डाळिंब फोडताना पहिल्यांदा दिसतं ते लाल.
तेच आभाळ, ज्याकडे मी इतका वेळ बघत होते.

"उत्तरेचा प्रकाश आहे, आई. इतका खाली येत नाही कधी.
आत्ताही आलेला नाही, तिकडेच आहे, फार उंच.
पृथ्वीच्या पोटाआडून आपल्याला त्याचा शेंडा तेवढा दिसतो.
खाली हिरवं असतं म्हणे. ते आपल्या वाट्याला नाही."
"तिकडे म्हणजे कुठे?"
मी अंदाजानं बोट केलं. "नेब्रास्का. तिथवर."

ती काही न बोलता गाडीतून उतरली.

अकरा वर्षं.
हर्मीलो स्टुलावर बसला तेव्हा
चार वेळा पापणी लववली त्यानं, चार फोटो वाया.
पाचव्यात डोळे उघडे आहेत
पण तो त्याच्यासारखा दिसत नाही.
आता तो रात्रपाळीला गुरांची धडं कापतो,
खिडकी नसलेल्या थंड शेडमध्ये, फोन बाहेर ठेवून.
म्हणजे त्याच्या छपरावर हे सगळं पेटलेलं असताना
त्याच्यासमोर होतं ते दुसरं लाल.

"हलू नकोस हं," मी आईला म्हटलं,
आणि दुसऱ्यांदा शटर उघडलं.
ती हलली.
फोटोत दोन आया आहेत:
एक ठाम, पाठमोरी, हात खाली, शालीत;
दुसरी पातळ, हात वर केलेली,
तिच्या कोपरातून दोन तारे आरपार दिसतात.
एकीला पुसता आलं असतं. मला कौशल्य आहे.

सकाळी त्याचा फोन. थकलेला, अंगाला थंडी लागलेला आवाज.
"रात्री पार्किंगमध्ये सगळे वर बघत होते म्हणे. मी आत होतो."
मी फोटो पाठवला.
बराच वेळ पलीकडे नुसता हीटरचा आवाज.
मग: "आईनं हात का वर केलाय?"

मी आईकडे बघितलं. ती मक्याचं पीठ मळत होती,
तिला ऐकू गेलं होतं, मळत राहिली.

दुपारी स्टुडिओत आली, पदरचे पैसे मोजून टेबलावर ठेवले
बाहेरच्या गिऱ्हाइकासारखे,
आणि म्हणाली, तो फोटो पासपोर्ट साइजमध्ये काढ.
म्हटलं, एवढ्याशात तू दिसायची नाहीस,
नखाएवढं लाल राहील फक्त.
"राहू दे," म्हणाली. "त्याच्या शेजारी तेवढीच जागा आहे."