रेडिओ अजून गप्प आहे

चिलीत पहाटेचे तीन, सोनगीरला दुपारचे साडेबारा.
धनु रास या क्षणी माझ्या पायाखाली,
धाबं, घर, काळी माती, आख्खी पृथ्वी ओलांडून पलीकडे.
माठाच्या सावलीत लॅपटॉप, त्याच्याखाली ओलं फडकं,
मे महिन्यात तोही धापा टाकतो.

तीन दुर्बिणी आज एकाच जागी रोखलेल्या.
एक डोंगरावर, उष्णतेचा उजेड टिपणारी.
एक म्हणजे वाळवंटातला तबकड्यांचा कळप.
तिसरी क्ष-किरणांची, पृथ्वीभोवती फिरते,
तिचे आकडे संध्याकाळी उतरतील.
डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडासाठी आम्ही अर्जच केला नाही.
मधे इतकी धूळ, की तो वाटेतच संपतो.
धुळे जिल्ह्यातल्या पोरीने हे अर्जात लिहिलं
आणि एकटीच हसली.

खाली आण्णा परात तापवताहेत.
भट्टीच्या खोलीत दिवा लावू देत नाहीत कुणाला,
रंग खोटा दिसतो म्हणतात.
लाली चढायच्या आधीच
तळहात वीतभर लांब धरून त्यांना कळतं
पितळ कुठवर आलंय.
लहानपणी मला ती जादू वाटायची.
आता मी त्याच तळहाताचा पगार घेते.

बारा एक्केचाळीस. रेघ उठली.
सव्वीस हजार वर्षांपूर्वी तिथे काहीतरी उसळलं,
सूर्यासारखे चाळीस लाख गिळून बसलेल्या त्या काळोखाच्या काठावर,
आतून नाही, आतून काहीच येत नाही,
काठावरून, पडता पडता.
रोसीओ तिकडून लिहिते, दिसलं का?
दिसलं.
आणि रेडिओ?
रेडिओ अजून गप्प आहे.

दोनशे पावलांवर, गल्ली संपते तिथे,
सुपडूकाका हंडा ठोकताहेत.
हातोडा पडतो. मग, हातोडा पुन्हा वर निघाल्यावर, ठण्ण.
आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटावा इतका मागे.
पण हे उदाहरण मी कुणाला देणार नाही,
कारण तिथे उजेड आणि रेडिओ एकाच वेगाने धावतात.
उशीर वाटेत नाही, उगमात आहे.
जे उसळलं ते आधी स्वतःच्याच आड असतं,
फुगतं, विरळ होतं, तेव्हा कुठे रेडिओ सुटतो.
असं आम्ही म्हणतो. म्हणतो, एवढंच.

एक तेरा. आला.
बत्तीस मिनिटं.
मी जिन्यातून ओरडले, आण्णा!
त्यांना ऐकू गेलं नाही.

चाळीस वर्षं ठोकून
आण्णांच्या कानातून वरचे सूर गेले.
फोनची घंटी, चिमण्या, माझ्या बोलण्यातला स आणि श.
हायवेवरचा ट्रक ऐकू येतो, गिरणी ऐकू येते.
भांड्याला चीर आहे का हे आता
काठाला बोटं लावून, टिचकी मारून, डोळे मिटून पाहतात.

संध्याकाळी क्ष-किरण उतरले.
बारा अडतीसपर्यंत सपाट. मग काहीच नाही.
एक आठपासून पुन्हा सपाट.
नेमकी त्या अर्ध्या तासात
पृथ्वी आडवी आली होती.
रोसीओ म्हणते, मधे तुटक रेघ ओढू, अंदाजाची, सगळेच ओढतात.
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

आण्णा वर आले, हाताला चिंचेचा वास.
"काय दखी ऱ्हायनी व?"
पडदा त्यांच्याकडे वळवला.
त्यांनी दोन रेघांवरून बोट फिरवलं, तिसरीवर थांबलं.
"हाई खाली जागा कसानी?"
"तव्हय धरती आडी उनी."
कळलं नाही त्यांना. मी पुन्हा सांगितलं,
आवाज खाली उतरवून, जिथे त्यांचं ऐकू येणं अजून शिल्लक आहे.
मान हलवली. बोट काही
त्या मोकळ्या जागेवरून उचललं नाही,
परातीच्या काठावर ठेवतात तसं
तिथेच ठेवलं, बराच वेळ.