साडेचार इंची

खय्यूम मिस्त्रीनं आधी चपला काढल्या,
मग हातोडीच्या दांड्यानं टक्‌ टक्‌,
खालून वर, वरून कोपऱ्याकडं,
आणि कान लावून उभा राहिला.

मी पोळ्या लाटत राहिले.
एकशे दहा डबे साडेबाराला निघतात,
शिवाय ट्यूशनची पोरं दारात, वह्या काखेत.
ही भिंत गेली तर आणखी तीन टेबलं बसतील,
एवढाच माझा हिशेब.

"भाभी, पार्टिशनची हाय.
साडेचार इंची. खाली पाया नाही, वर बीम नाही.
कागदावर बघितलं तर उद्या पाडा."
मग जरा थांबून,
"कागद कुठाय पण?"

कागद नव्हताच कधी.
वाटणी झाली त्या उन्हाळ्यात
ह्यांनी आणि गुरुनाथ भावजींनी मिळूनच बांधली ही,
मजुरी वाचावी म्हणून.
एकानं माल कालवला, एकानं विटा लावल्या,
महानंदानं दोघांना एकाच तांब्यातून ताक दिलं.
संध्याकाळी हात धुऊन
एक इकडून आत गेला, एक तिकडून.
भांडण नव्हतं. चुली दोन झाल्या होत्या.

यंदा भावजींनी त्यांची बाजू आमच्या नावे केली.
पुण्याहून फोनवर म्हणाले,
"काढून टाका आता ती, वहिनी. कशाला पायजे?"

गच्चीवरून मिस्त्रीची हाक आली,
"टाकी कधी बसवली?"

आमच्याकडं नळ आठ दिवसाला, कधी दहा.
म्हणून मोठीच घेतली, दोन हजार लिटरची,
आणि ठेवली बरोब्बर मधोमध,
दोन्ही घरांना सारखीच लांब पडावी म्हणून.
मधोमध म्हणजे हिच्या डोक्यावर.

किनवटच्या पोरानं वरणभात संपवता संपवता
पेपरच्या कडेला गुणाकार मांडला,
"काकू, एकोणीस हजार सहाशे न्यूटन!"
मी म्हटलं, आधी हात धू.

खय्यूमनं लाइनदोरी ताणून दाखवली.
"दोन सूत बसलाय स्लॅब.
वर्षाला केसभर, केसभर, असं करत हिच्यावर टेकलाय.
हिला कुणी उचलायला बांधली नव्हती.
पण उचलायलीय."

"मग ही भिंत म्हणायची का खांब?"

तो दोरी गुंडाळत राहिला.
"त्र्याण्णवला मी सोळाचा होतो," म्हणाला,
आणि पुढचं बोलला नाही.
इथं ते वाक्य कुणी पुरं करत नाही,
कुणी पुरं करा म्हणतही नाही.

ठरलं असं:
टाकी आधी कोपऱ्यातल्या कॉलमवर न्यायची.
मग चिरेवर काचेची पट्टी, दोन्ही अंगांनी,
प्लास्टरनं चिकटवून, खाली पेन्सिलीनं तारीख.
दोन महिने बघायचं.
काच तडकली तर स्लॅब अजून खाली यायलाय.
नाही तडकली तर जॅक, लोखंडी गर्डर,
आणि तेव्हा घण.

टाकी रिकामी करायची म्हणजे पाणी सांडायचं थोडंच.
गल्ली आली. घागरी, बादल्या, कुकर,
अप्पारावांच्या सुनेनं तर बाळाचा टब आणला.
शेवटचं गढूळ मी तुळशीला घातलं.

त्या रात्री वर कुठंतरी कट्‌ झालं.
एवढंसंच, हरभऱ्याचा घाटा फुटावा तेवढं.
उठून बघते तर शेजारी हे नाहीत.
मोबाइलचा उजेड काचेवर धरला.
तारीख दिसली, चिर दिसली, माझं अर्धं तोंड दिसलं.

भिंतीपलीकडून,
भावजींच्या रिकाम्या खोलीतून,
ह्यांचा आवाज आला,
"तुझ्याकडची शाबूत हाय का?"

हाय, म्हटलं. अजून तरी.