नऊ नंबरची बस

डलूथला जानेवारीत सरोवरसुद्धा गोठून गप्प असतं.
जिममध्ये आम्ही खोकी उघडत होतो:
एकशे चौदा जोड मोजे,
पोहायचा चष्मा,
वॉफल करायचं यंत्र.
"प्लग कुठे लावणार, झाडाला?" मारेन म्हणाली.
हसलो सगळे,
मग ते हसू कुठेतरी अडकलं.

कुणी कोरे मोजे दिलेले, लेबलासकट.
कुणी टाचेला रफू केलेले, धुऊन, घडी घालून.
हे कुठल्या ढिगात टाकायचे,
यावर काओ आणि मी उगाच भांडलो.

शनिवारी सरांच्या व्हॅनमधून पुलाखाली.
तंबूंच्या दोऱ्यांना बर्फाच्या कांड्या.
पाठ केलेलं वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात निळ्या ताडपत्रीआडून आवाज आला,
"एल्म स्ट्रीट, कोपरा. रोज उशीर."

ऑर्व्हिल.
आमच्या नऊ नंबरच्या बसचा ड्रायव्हर.
पाचवीपर्यंत थांबायचा माझ्यासाठी,
हॉर्न न वाजवता,
मी एका हातात बूट, दुसऱ्यात टोस्ट घेऊन
धावत येईपर्यंत.
मारेनच्या घराचा रंग त्याला आठवत होता,
काओच्या आजीचं लंगडं कुत्रंही.
आम्ही त्याला काय विचारायचं,
ते कुणालाच सुचेना.

त्यानं रफूचेच उचलले.
"नवे घसरतात," एवढंच बोलला.
वॉफलचं यंत्र मात्र बराच वेळ
उघडून, मिटून बघत राहिला.

परतताना एकेकाला दारात सोडत व्हॅन निघाली.
माझा कोपरा आला.
मी बसूनच.
सरांनी दोनदा विचारलं,
"इथेच ना रे तुझं घर?"