नाव सांग

इथे रविवार शुक्रवारी येतो.
कुवेत सिटी, चर्चच्या तळघरातला हॉल,
एसी इतका की बायकांनी साडीवर स्वेटर चढवलेत.
मी नाइट ड्यूटी संपवून तशीच आलेली,
पायात अजून वॉर्डाचे पांढरे बूट.

फादर कुरियाकोस तीन दिवसांच्या रिट्रीटला आलेत, पाल्याहून.
आवाज बसका, हात सुताराचे.
म्हणाले, "हल्ली आम्ही धर्मगुरूच त्याचं नाव घ्यायला लाजतो.
म्हणतो, वाईट प्रवृत्ती. म्हणतो, प्रतीक.
अरे, प्रतीक दार वाजवत नाही.
हा वाजवतो. तुम्ही विचारता, कोण?
तो म्हणतो, मीच. घरचाच."

निर्मळला आमचे फादर ऑल्विन वेगळं सांगायचे.
सेमिनरी पुण्याची. चष्मा पुसत म्हणायचे,
सैतान म्हणजे आपलाच मत्सर, आळस, बांधावरचं भांडण;
शिंगं-शेपूट चित्रकारांनी लावलं.
मला पटायचं.
बांधावरून माझे दोन काका अकरा वर्षं बोलले नव्हते
आणि शिंगं कुणालाच नव्हती.

दुपारी जोजम्माला आणलं. चौघींनी धरून.
तीन आठवडे झोप नाही, म्हणाल्या.
खाल्लेलं ओकते.
पुरुषाचा आवाज आला की भिंतीत शिरायला बघते.
"सैतान," एक म्हणाली,
आणि चौघींचेही हात सैल झाले.

मी नर्स. मी आधी मनगट बघते.
उजव्यावर इस्त्रीचं टोक, होडीसारखं,
कडा गुलाबी, म्हणजे दोन आठवडे.
ओठ फुटलेले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते.
हे सगळं मी मनातल्या मनात लिहिलं
आणि गप्प बसले.
सहाशे माणसं गात होती.
माझ्या इकाम्याची मुदत चाळीस दिवसांवर होती.

फादरांनी जांभळी स्टोल गळ्यात घातली,
क्रूस तिच्या कपाळाला टेकवला.
"येशूच्या नावाने विचारतो, तुझं नाव सांग."
तेलुगूत सांगायला रायप्पा नावाचा पोरगा होता,
तोही मागोमाग: नाव सांग.
ती थरथरली.
"नाव सांग."
डोळे पांढरे.
"नाव सांग!"

आणि ती बोलली. तेलुगूत नाही.
पोरं पाढे म्हणतात त्या सुरात, अरबीत:
कित्आ खम्सा, शारे इहदाश, मंज़िल सब्आ व इश्रीन.

रायप्पाला काही करावं लागलं नाही.
इथे उतरलेलं माणूस आधी पत्ता पाठ करतं,
प्रार्थना नंतर.
ब्लॉक पाच. गल्ली अकरा. घर सत्तावीस.
गाणं मधल्याच ओळीत थांबलं.
पुन्हा: ब्लॉक पाच, गल्ली अकरा,
कुणीतरी खोकलं,
कुणी बाकाखाली चपला शोधू लागलं.

फादर बराच वेळ उभेच.
मला वाटलं, चौथ्यांदा विचारतील.
त्यांनी क्रूस खाली घेतला, बाहीने पुसला,
घाम तिचा होता की त्यांचा कोण जाणे,
मग माइक बाजूला सारून, अगदी हळू:
"इथे नर्स कोणी आहे?"

माझ्या बाप्तिस्म्याला माझ्या वतीने
धर्ममातेने तीनदा उत्तर दिलं होतं.
सैतानाचा त्याग करतेस? त्याच्या कृत्यांचा?
त्याच्या थाटामाटाचा?
होय, त्याग करते.
थाटामाट कसला, ते मला कधी कळलं नव्हतं.
त्या घराचा जिना, जोजम्मा नंतर सांगत होती,
संगमरवरी आहे, एकतीस पायऱ्या,
दिवसातून दोनदा पुसायचा.

मी उभी राहिले.
हॉलभर फक्त माझे बूट वाजले.

रात्री केसपेपर भरताना
'कारण' या शब्दापुढे चार बोटं कोरी जागा होती.
पत्ता तिथे बसला,
थोडा तिरपा.