शेरा

तिसऱ्या पिरियडला ओरेस्ट ह्रिंचुकची कॉफी गार.
वहीत: डिक, क्रमांक सतरा. वय सोळा.
उंची बेताची. डावं वळण कच्चं.
मनगट... इथं पेन अडलं,
थंडीनं शाई उतरेना.

पोरगा कठड्यावर आपटला, उठला,
आणि पक कुठं जाणार
हे पकच्या आधी त्याला कळलं.
याला रकाना नाही.

वरच्या बाकावर त्याची आई,
धान्यकोठारावरचा कोट अजून अंगात,
बर्फाकडं नाही,
ओरेस्टच्या हाताकडं बघतेय.

त्याच्याबद्दलही कुणी लिहिलं होतं, मेलफोर्टला,
दोनच शब्द: पाय जड.
खोटं नव्हतं ते.

पेन त्यानं काखेत धरलं, ऊब येईस्तोवर.
मग लिहिलं:
पुन्हा बघावा. फेब्रुवारीत.
रस्ता उघडा असला तर.