रकाना सात

निघताना साहेबांनी गाडीत विचारलं,
मानस म्हणजे मनच ना?
मी म्हटलं, आमच्याकडे दार असतं ते.
लाकडाचं. भरतीला आपण होऊन मिटतं,
ओहोटीला आपण होऊन उघडतं,
खाडीला शेतात शिरू देत नाही.
साहेब म्हणाले, सुंदर. प्रस्तावनेत घ्या.

वारसा नोंदणीचं प्रपत्र. चौदा रकाने.
मूर्त की अमूर्त, एकावर खूण करा.
चिऱ्याचे खांब, मूर्त. फळ्या, मूर्त.
मग इनास मानशेकार पुढे आला
मांडीपर्यंत चिखल घेऊन,
आणि मला पेन कुठे टेकवावं कळेना.
अष्टमीचं भांग, अवसेचं उधाण,
कुठल्या रात्री किती वाजता पाणी फळीला लागणार
हे त्याला झोपेत कळतं.
मार्गदर्शिकेत अमूर्त म्हणजे गाणी, नाच, कारागिरी.
साहेबांनी विचारलं, तुम्ही गाता का?
इनास म्हणाला, लादाईनीत. थोडं. तेही लातिनीत.
साहेबांनी मान हलवली, चालणार नाही अशी.

बांधाला तीन पावसाळ्यांपूर्वी खांड पडली.
मानशीच्या मासळीची पावणी ज्याने घेतली
त्याने रात्री दारात वासा अडकवून ठेवला होता,
कोळंबी जास्त यावी म्हणून.
पावणी कुणी घेतली ते गावाला ठाऊक आहे.
पंचायतीला ठाऊक नाही.
पाणी आत आलं ते राहिलं.
त्या पाण्यात तिवरं उगवली, हिरवीगार,
आता वनखातं म्हणतं, तिवर तोडता येणार नाही,
आणि तिवर न तोडता बांधापर्यंत चिरा नेता येणार नाही.
कृषिखात्याच्या पत्रात आहे:
सलग तीन वर्षं पीक नाही, सबब शेत नाही.
मग काय आहे,
ते विचारायला एक पांढरी गाडी येऊन उभी राहते
शनिवारी, सांजेला.
उतरत नाही कुणी. काच खाली होते फक्त.

आमचं खातं फलक लावणार आहे.
काळा ग्रॅनाइट, तीन भाषांत.
त्याच्या किमतीत सोळा मीटर बांध झाला असता,
हे मी घरी बसून काढलेलं गणित आहे,
टिपणीत नाही.

डिसेंबरात महोत्सव झाला राजधानीत.
मानशीची प्रतिकृती केली होती प्लास्टरची,
दारं मोटरवर उघडमीट करायची,
पाण्याच्या जागी निळा दिवा.
मंत्र्यांनी बटण दाबलं.
इनासला शाल दिली, नारळ दिला, तिसऱ्या रांगेत खुर्ची दिली.
तो पुन्हा पुन्हा मोबाइलात वेळ बघत होता.
लोकांना वाटलं, म्हातारा कंटाळला.
पाच वाजून दहा मिनिटांनी भरती होती,
आणि दाराजवळ कुणी नव्हतं.

रकाना सात: सद्यःस्थिती.
चांगली, समाधानकारक, मोडकळीस.
मोडकळीस लिहिलं तर फाईल
पाहणीसाठी परत येते,
पाहणीला समिती लागते,
समितीची मुदत मार्चात संपली.
मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.
इनास खांद्यावरून बघत होता.
कितें बरयलें?
तुझंच नाव लिहिलं, मी म्हटलं.
ते खोटं होतं. नावाला रकाना नव्हता.

जाताना द्वारकेंने पिशवी दिली.
कोरगुट, तांबडा, शेवटच्या पिकातला,
बियाण्याला ठेवलेला.
पेरायचा कुठे आता, म्हणाली, शिजवून खा.
साहेबांनी आपली पिशवी गाडीत विसरली.
मी घरी येऊन शिजवला.
खाऱ्या मातीतला भात,
मीठ घालावं लागलं नाही, असं लिहिता आलं असतं.
घातलं. नेहमीइतकंच.
मुलीनं विचारलं, कुठला तांदूळ हा, लाल?
तर सांगताना
मी गावाचं नाव न घेता सर्व्हे नंबर सांगितला.