पाणसळ

डबा मधोमध बसत नाही.
आडवा बसतो. डावी-उजवी दोन्हीकडे ‘ऑटो’ लिहिलं
की पहिल्या बाकावरच्या मुलासारखा गुपचूप.
उभा मात्र नाही.
वर चिकटून राहतो, छताला पाल तशी.

टॉडमॉर्डनमध्ये दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेत.
कालव्याकाठी क्लिफर्ड ग्रीनवुडची शेड,
थडग्यांचे कोरे दगड भिंतीला टेकवलेले,
आणि मी त्याच्या स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप,
त्याच्या धंद्याचं पान जुळवत.
हीटरपाशी कुत्री, दगडाच्या पिठाने पांढरी.

तासाभराने कळलं.
बाहेरच्या चौकटीला मी उंचीच दिली नव्हती.
मधोमध, पण कशाच्या?
सोळा वर्षं इथे काढून
हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता.

दाखवलं. कपाळावरचा चष्मा खाली आला.
“खाली गेलंय.”
वर दोनशे चाळीस, खाली दोनशे चाळीस, मोजून दाखवलं.
“असेल. पण खाली गेलंय.”
एका दगडावर त्याने टेप लावून मध्य काढला, खडूने फुली मारली,
आणि तिच्या बोटभर वर दुसरी.
“टेपचा मध्य तो. डोळ्याचा हा.
लोक इथे रडायला येतात, टेप घेऊन येत नाहीत.”

आठ पिक्सेल वर सरकवलं.
म्हातारा काही बोलला नाही, म्हणजे जमलं.

मग ड्रॉवरमधून एक लिफाफा.
बर्नलीच्या इस्पितळात तीस वर्षं लोकांना भूल देणारे
डॉक्टर दिगंबर टिल्लू.
मुलीने नाव दोन्ही लिप्यांत लिहून दिलंय.
इंग्रजी त्याने आखलेली, खालच्या रेषेवर,
कठड्यावर कबुतरं बसावीत तशी.
आणि त्याच रेषेवर मराठी,
प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घालून.
“तुमची ही नक्की कशावर उभी राहतात?”

उभी नाही राहत, क्लिफर्ड.
लटकतात.
गंमत म्हणजे वरची रेघ आम्ही शेवटी ओढतो.
आधी सगळं अधांतरी लिहीत जायचं,
मग टांगायचं.
आणि टि-ची वेलांटी रेघेच्याही वर जाते,
लू-चा उकार खाली पाय सोडून बसतो,
तेव्हा जागा सोड दोन्हीकडे.
मागच्या महिन्यात एका बटणावर मी नाही सोडली;
‘विनंती पाठवा’तल्या वेलांट्या वरच्या वर कापल्या गेल्या,
उरल्या नुसत्या काठ्या.

डोकी जुळवून पाहिली. पाय जुळवून पाहिले.
शेवटी कमरेशी जुळवलं, दोघांनाही पटेल असं,
आणि त्याने खडू माझ्या हातात दिला.
टिल्लूंच्या डोक्यावरून मी एका दमात रेघ ओढली.
त्याने तिच्यावर पाणसळ धरली.
बुडबुडा जरासा घुटमळला.

“खचते इथली जमीन,” तो म्हणाला,
“दहा वर्षांत कलतोच दगड.
ते तिचं काम. आपण सरळ द्यायचा.”

रात्री घरी फोनवर पान उघडलं.
अरुंद पडद्यावर डबा
पुन्हा वर जाऊन चिकटलेला.
बोटांच्या पेरांत खडू होता अजून.
तसाच राहू दिला, आणि
चौकट उघडली.